घरट्यांचे फोटो छापू नका, ही विनंती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या घरट्याचा मोठा रंगीत फोटो आला आहे. पांढराशुभ्र नर, घरट्याच्या काठावरून खाली लोंबणाऱ्या शेपटीच्या दोन फिती आणि चोची वासून बसलेली तीन पिल्लं. फोटो देखणा आहे, यात वाद नाही. खाली काढणाऱ्याचं नाव आहे, शिराळा तालुक्यातल्या गावाचं नाव आहे, आणि कुठल्या ओढ्याला हे घरटं आहे तेही लिहिलं आहे. आमच्या स्टँडवरच्या टपरीवर तो अंक हातोहात फिरला. 'बघा, आपल्या जिल्ह्यात कसली कसली पाखरं आहेत,' असं लोक कौतुकानं म्हणत होते. मी मात्र त्या फोटोच्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत बसलो.

तिथं एका डहाळीचा काप दिसतो. करंगळीच्या पेराएवढा, तिरका, आतून पांढरट हिरवा, अजून ओला. वाऱ्यानं मोडलेल्या डहाळीचं टोक फाटतं, साल लोंबत राहते. हा काप साफ आहे. आमच्या भागात द्राक्षबागेत छाटणी केलेल्या कुठल्याही बाईला किंवा गड्याला हा फोटो दाखवा, एका नजरेत सांगतील की ही कात्री आहे. घरट्यावर ओणवी आलेली पानं कुणीतरी काढली, म्हणून तर पिल्लांचे डोळेसुद्धा इतके स्वच्छ दिसतात.

हे पत्र त्या फोटोग्राफरविरुद्ध तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. डहाळी त्यानंच कापली असंही माझं म्हणणं नाही, एका घरट्यावर दहा जण येऊन जातात. पण तो काप माझ्या लगेच लक्षात आला, कारण तसाच काप मी स्वतः मारलेला आहे.

माझा पलूस तालुक्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, शाळेचे ग्रुप फोटो, आधारकार्डाला पासपोर्ट साइज, जे येईल ते काम अडतीस वर्षं करतोय. रोलचा काळ होता तेव्हा ३६ फ्रेममध्ये अख्खं लग्न बसवायला शिकलो. डिजिटल आलं, मोठी झूम लेन्स परवडू लागली आणि मी पक्ष्यांकडे वळलो. लग्नसराईच्या मधल्या मोकळ्या दिवशी पहाटे उठून सागरेश्वरला जायचं, नाहीतर मायणी, येरळवाडीच्या पाण्याकडे जायचं. धंद्यात ज्याची फोटो काढून घ्यायची तयारी असते त्याचाच फोटो काढायची सवय. पक्षी तयार नसतो, तरी थांबतो, उडतो, परत येतो. त्याचं वेड लागलं.

२०१४ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. एका मित्राचा फोन आला, ओढ्याकाठच्या करंजावर नर्तकानं घरटं केलंय, हाताच्या उंचीवर आहे, लवकर या. आम्ही चौघं गेलो. घरटं चहाच्या कपाहून लहान, डहाळीच्या बेचक्यात बसवलेलं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपल्यासारखं. शेजारच्या आंब्यावर कोतवालाची जोडी होती. नर्तक पुष्कळदा कोतवालाच्या शेजारी घर मांडतो. कावळा येवो, शिक्रा येवो, कोतवाल त्याच्या अंगावर धावून जातो आणि शेजाऱ्याचंही आपोआप राखण होतं. आपल्या जुन्या माणसांनी त्या काळ्या पाखराला कोतवाल हे नाव काही उगाच दिलेलं नाही.

घरट्यात पिल्लं होती. आणि घरट्यासमोर, नेमकी लेन्सच्या रेषेत, सहा-सात पानांची एक डहाळी. आधी मी ती सुतळीनं मागं ओढून बांधली. तरी एक पान आडवं येतच होतं. आमच्यातल्या एकाची बाग आहे, त्याच्या गाडीत छाटणीची कात्री होती. कुणी काही बोललं नाही. त्यानं कात्री पुढं केली, मी कापलं.

आम्ही हिरव्या कापडामागं सात वाजता बसलो. नऊच्या पुढं ऊन करंजावर आलं आणि दहाच्या सुमारास सरळ घरट्यात उतरलं. मादी आली, घरट्याच्या काठावर उभी राहिली, पंख अर्धे पसरले, चोच उघडली आणि तशीच उभी राहिली. पिल्लं तिच्या पंखांखाली. 'काय फ्रेम आहे!' असं आमच्यापैकी कुणीतरी कुजबुजलं. शटर थांबेना. एकवीस मिनिटं ती तशी उभी होती, हे मला फोटोंच्या वेळांवरून नंतर कळलं.

त्यातल्या एका फोटोला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. मी नाव दिलं होतं 'मायेची सावली'. परीक्षकांनी आईच्या मायेबद्दल दोन शब्द सांगितले, टाळ्या पडल्या. ती माया होतीच. पण तिला सावली धरून उभं राहावं लागलं, कारण जी सावली झाडानं दिली होती ती मी कात्रीनं उतरवली होती. चोच तिनं उन्हानं धापा लागल्यामुळं उघडली होती. मी तिचा जीव घाबरा होतानाचा फोटो काढला आणि त्याला बक्षीस घेतलं.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. तिसऱ्या दिवशी आणखी फोटो मिळतील म्हणून मी एकटा परत गेलो. घरटं एका बाजूला कललं होतं आणि रिकामं होतं. खालच्या झुडपात भारद्वाज फिरत होता. भारद्वाज दिसला की आपण शुभ मानतो, पण घरट्यातली अंडी-पिल्लं हे त्याचं नेहमीचं खाणं. पानांआड असलेलं घरटं त्याला दिसलं नसतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. उघडं केलेलं दिसलं, एवढं माझ्यासमोर होतं. मी अर्धा तास बसलो. नर चोचीत किडा घेऊन आला, घरट्याच्या काठावर बसला, आत वाकून बघितलं, उडाला. थोड्या वेळानं परत आला. चोचीत तोच किडा. पुन्हा वाकून बघितलं.

लेन्स माझ्या मांडीवर होती. मी फोटो काढला नाही.

नर्तकाला अंडी उबवायला जेमतेम दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. म्हणजे आम्ही फार तर दहा-बारा दिवस कळ काढली असती तर ती पिल्लं त्या ओढ्याला उडताना मिळाली असती.

लग्नात मी शेकडो वेळा अंतरपाटाच्या बाजूला उभा राहिलो आहे. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा-नवरीच्या मधे ते कापड असतं, आणि त्यामुळं दोघांचा एकत्र चेहरा कॅमेऱ्यात येत नाही. आजवर कुठल्या फोटोग्राफरनं 'जरा अंतरपाट खाली घ्या' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणणाऱ्याला मांडवाबाहेर काढतील. मग पाखराच्या घरासमोरचं पान आम्ही बिनदिक्कत का काढतो? तिथं आम्हाला बाहेर काढणारं कुणी नसतं, एवढंच त्याचं कारण.

यानंतर मी पक्ष्यांचे फोटो सोडले नाहीत, पण जवळ जायची घाई सोडली, आणि मग कितीतरी गोष्टी दिसायला लागल्या. कृष्णेच्या काठाला पोयट्याच्या दरडीत वेडे राघू बिळं करून राहतात. एका चैत्रात मी दरडीसमोर कॅमेरा लावून बसलो होतो. राघू चोचीत चतुर घेऊन तारेवर आला आणि तारेवरच बसून राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बिळात शिरेना. कंटाळून मी पाणी प्यायला उठलो आणि बाभळीच्या बुंध्यामागं गेलो. अंतर तेवढंच, फक्त तिथून मला बीळ दिसत नव्हतं. राघू सरळ उडाला आणि बिळात गेला. मी परत समोर येऊन बसलो, पुन्हा तेच, तारेवर बसून राहणं.

मला वाटलं योगायोग असेल. मग एका मास्तरांनी सांगितलं की पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलंय आणि २००२ साली ते संशोधन प्रसिद्ध झालंय. माणूस बिळापासून तितक्याच अंतरावर उभा, पण एकदा बीळ दिसेल अशा जागी आणि एकदा दिसणार नाही अशा जागी. बीळ दिसत असेल तर राघू आत जायला कचरतो, दिसत नसेल तर जातो. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा तो अंदाज घेतो. आणि आपण त्याचं नाव ठेवलंय वेडा. तेव्हापासून कापडामागं लपलो म्हणजे पाखराला आपला पत्ता नाही, हा माझा समज गेला. भुकेली पिल्लं आत, चोचीत घास, आणि आई-बाप तारेवर आमच्या उठण्याची वाट बघत बसलेले. आमच्या मेमरी कार्डात ते 'तारेवरचा वेडा राघू, चोचीत चतुर' म्हणून जातं. त्या फोटोला लोक खूप अंगठे देतात.

आता सुगरणीचं सांगतो, कारण सध्या तिचाच मोसम आहे आणि पुढचे दोन महिने आपल्या जिल्ह्यात गाड्या तिच्याच मागं फिरणार. मराठीत नाव बाईचं आहे, पण खोपा विणतो तो नर. पावसाळा लागला की त्याचं डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. उसाच्या फडात तो पात्याच्या कडेवर बसतो, बुडाशी चोचीनं एक खाच पाडतो, ती कड धरतो आणि उडतो. पात्याची लांब पट्टी फाटत त्याच्याबरोबर जाते. आमच्या भागात उसाला तोटा नाही, म्हणून सुगरणीलाही तोटा नाही. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, खाली पाणी आणि वर काटे, अशा जागी खोपे लटकतात, आणि बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाचा मारा चुकतो. एका खोप्याला पाचशेपर्यंत फेऱ्या होतात, आणि पुरा व्हायला साधारण अठरा दिवस लागतात.

पण तो एका दमात पुरा करत नाही. आधी उलट्या टोपीसारखा अर्धा विणतो, मधे एक आडवी कड ठेवतो, आत ओल्या मातीचे गोळे लावतो, आणि मग त्याला लटकून पंख फडफडवत ओरडायला लागतो. माद्या येतात. एक आत जाते, त्या आडव्या कडेवर बसते, धागे ओढून बघते, निघून जाते. दुसरी येते. पसंत पडला तर राहते, आणि मग तो खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की तो शेजारीच नवा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. सालिम अली १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून हे सगळं बारकाईनं बघत बसले होते, म्हणून जगाला ते नीट कळलं. नापसंत झालेले अर्धे खोपे झाडाला तसेच सुकत राहतात. मला त्यांच्याकडे बघून दर वर्षी वाईट वाटतं, पण तो त्यांचा आपसातला मामला आहे.

गेल्या जुलैत माझ्या मावसभावाच्या विहिरीवर जे झालं ते मात्र आपसातलं नव्हतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाभळीला एकोणीस खोपे होते. रविवारी सकाळी एक गाडी आली, पाच जण उतरले, चांगले शिकलेले, बोलायला गोड. मावसभावानं पाहुणे म्हणून चहा केला. ते कठड्यावर उभे राहिले, पण मागं आभाळ पांढरं पडत होतं आणि त्यांना मागं उसाची हिरवाई हवी होती. मग आंबे काढायची आकडी घेऊन त्यांनी एक फांदी खाली ओढली आणि दोरीनं कठड्याच्या लोखंडी कड्याला बांधली. तिला तीन खोपे होते. दोन अर्धे, एक नळी विणायला घेतलेला.

मी पोचलो तेव्हा ते फोटो काढत होते. नर उसाची पट्टी चोचीत घेऊन आला आणि जिथं त्याचा खोपा आधी होता त्या जागी, मोकळ्या हवेत, भिरभिरत राहिला. खोपा त्याच्याहून पुरुषभर खाली, कठड्याजवळ, माणसांच्या तोंडासमोर. तो फिरून फडात गेला, परत आला, पुन्हा त्याच मोकळ्या जागी. तिसऱ्या खेपेला पट्टी चोचीतून सुटली आणि विहिरीत पडली. मी दोरी सोडायला सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, 'काका, सोडतोच आहोत, दोनच मिनिटं.' दोरी सोडली तशी फांदी झटक्यानं वर गेली आणि नळीचा खोपा डहाळीसकट तुटून काट्यात अडकला.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते हळहळले सुद्धा. माझं म्हणणं हेच आहे की वाईट मनात न आणता हे सगळं होतं. माझ्याही मनात नव्हतं.

जोडी जमायच्या काळातले, म्हणजे प्रणयाचे फोटो काढायला आता स्पीकर आले आहेत. नवरंग पक्ष्याची शीळ मोबाइलवर घ्यायची, हातात मावणाऱ्या स्पीकरवर वाजवायची, की नर धावत येतो. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला. पावसाच्या तोंडावर चांदोलीकडच्या एका राईत मी हे बघितलं. नवरंग चोचीत सुकी पानं घेऊन घरट्याकडे निघाला होता. शीळ ऐकली, पानं टाकली, आणि स्पीकरभोवती घिरट्या घालत ओरडत राहिला. पाऊण तास. जो शत्रू नव्हताच त्याच्याशी तो पाऊण तास भांडला. तेवढ्यात खरा दुसरा नर आला असता तर? जोडीदारणीनं ही हरलेली हद्द समजून पाठ फिरवली असती तर? वाजवणारे पाच मिनिटांनी थकले असते तर गोष्ट वेगळी, पण प्रत्येकाला आपापला फोटो हवा असतो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी येते.

टिटवीचं तर विचारूच नका. ती उघड्या माळावर, नदीच्या गोट्यांत अंडी घालते. माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालत केकाटते, आणि आम्ही म्हणतो ॲक्शन चांगली मिळतेय. उन्हाळ्यात तीच टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते, इतकं त्या उन्हाचं तिला भय. आम्ही उभे असेपर्यंत ती बसू शकत नाही आणि अंडी तव्यावर असतात. साताऱ्यात माझ्या मेव्हण्याच्या घरामागं जुन्या झाडाच्या ढोलीत राखी धनेश दर वर्षी असतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आत तिची उडायची पिसंही गळतात. तिचं आणि पिल्लांचं पोट सर्वस्वी बाहेरच्या नरावर. त्या झाडाखाली चार-चार तास माणसं उभी राहिली की नर फळ घेऊन दोन झाडं पलीकडे बसून राहतो. मेव्हण्यानं आता तिथं गाडी लावायलाच मनाई केली आहे आणि शेजाऱ्यांचा रोष पत्करला आहे. त्याचं मला फार कौतुक वाटतं.

कायद्याचं सांगायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी किंवा घरटी छेडणं येतं. म्हणजे बंदूकवाला आणि फांदी ओढणारा एकाच कलमात बसतात. हे आमच्या धंद्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही २०१४ ला ठाऊक नव्हतं. देशातल्या कित्येक निसर्ग-छायाचित्र स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलं आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या, मंडळांच्या स्पर्धांत मात्र अजून घरटं, पिल्लं, चोचीत चोच अशाच फोटोंना बक्षिसं मिळतात, आणि तुमच्यासारख्या मोठ्या खपाच्या दैनिकात त्यांना शेवटचं पान मिळतं.

संपादक महोदय, आमच्या भागात तुमच्या पानावर फोटो येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे याची तुम्हाला कल्पना असेलच. माझ्या स्टुडिओत १९९६ चं तुमच्याकडचं कात्रण अजून काचेखाली आहे, पुराच्या पाण्यातून ते वाचलं. 'मायेची सावली'ची मोठी फ्रेम २०१९ च्या महापुरात गेली, तिची मी परत प्रिंट काढली नाही. तुम्ही जे छापाल ते काढायला पोरं धावतात. म्हणून माझं मागणं फोटोग्राफरांच्या आधी तुमच्याकडे आहे. अंड्यांचे, घरट्यातल्या पिल्लांचे, घरट्यावर बसलेल्या पक्ष्यांचे फोटो छापणं बंद करा. वाचकांकडून फोटो मागवता त्या चौकटीत तशी एक ओळ टाका. आणि प्रजननाच्या दिवसांतला कुठलाही फोटो छापताना गाव, ओढा, वाडी लिहू नका, जिल्हा पुरे. गेल्या रविवारी तुम्ही ज्या ओढ्याचं नाव छापलं तिथं सोमवारपासून किती मोटारसायकली लागल्या, ते त्या गावात एक बातमीदार पाठवून विचारा.

कुणी म्हणेल, फोटो बघूनच लोकांना पाखरांची ओढ लागते. खरं आहे, मलाही तशीच लागली. पण ओढ लागायला घरट्यात डोकावावं लागत नाही. सुगरणीसारखे थव्यानं राहणारे, माणसाच्या वावराला सरावलेले पक्षी घर बांधताना लांबून खुशाल टिपावेत. फडाच्या बांधावरून, रस्त्यावरून, आपल्या दारातून. पान हलवायचं नाही, आवाज वाजवायचा नाही. आणि पक्ष्याचं काम थांबलं, तो चोचीत काडी किंवा घास घेऊन नुसताच बसून राहिला, आपल्याकडे तोंड करून ओरडू लागला, की समजायचं आपण जवळ आलो आहोत, आणि उठायचं. फोटो मिळाला असो वा नसो. नर्तक, नवरंग, धनेश यांच्या घराकडे मात्र या दिवसांत वाटच धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्यास करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते एका प्रश्नाचं उत्तर शोधायला महिनेच्या महिने बसतात आणि रीतसर परवानगी घेतात. आमच्याकडे प्रश्न नसतो, आम्हाला फक्त फोटो हवा असतो.

सोबत एक फोटो पाठवत आहे. परवा सकाळी काढला. मावसभावाच्या विहिरीवर यंदा पुन्हा खोपे लागलेत, आजवर अकरा मोजले. मी पलीकडच्या मोटारीच्या खोलीच्या दारात बसलो होतो, मधे सगळी विहीर. फोटोत सुगरणीचा नर उसाच्या पात्याची पट्टी घेऊन उडताना आहे, पट्टी त्याच्याहून दुप्पट लांब, मागं ढग. खोपा फ्रेमच्या बाहेर आहे. थोडा हलला आहे आणि एका कोपऱ्यात बाभळीची पानं आडवी आली आहेत, ती तशीच ठेवली आहेत. छापण्याजोगा वाटला तर जरूर छापा. खाली फक्त 'सांगली जिल्हा' लिहा.

आपला विश्वासू,
एक फोटो स्टुडिओवाला
ता. पलूस, जि. सांगली